डोळ्यांखालची सूज : कारणे, उपाय आणि वेळीच करायची तपासणी

डोळ्यांखालची त्वचा ही शरीरातील सर्वांत पातळ त्वचा. तिची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते आणि तिच्या लगेच खाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. पाठीत किंवा मांडीत थोडे पाणी साचले तर पत्ताही लागत नाही. तेवढेच पाणी पापणीत साचले की चेहरा उतरलेला, आजारी दिसू लागतो. त्यामुळे डोळ्यांखालची सूज ही तक्रार सर्वत्र आढळते. बहुतेक वेळा ती निरुपद्रवी असते आणि साध्या सवयींनी कमी होते. काही वेळा मात्र मूत्रपिंडाचा, थायरॉइडचा किंवा वाढलेल्या रक्तदाबाचा पहिला इशारा इथेच उमटतो. म्हणून सुजेवर उपाय शोधण्याआधी ती कोणत्या जातीची आहे हे ओळखायला हवे.

सूज येते कशी

खालच्या पापणीत त्वचेखाली डोळा मिटणारा गोल स्नायू असतो. त्याच्यामागे एक पातळ पडदा आणि पडद्यामागे चरबीच्या तीन लहान गाद्या असतात. या गाद्यांमुळे खोबणीतील डोळ्याला आधार मिळतो. माणूस जागा असताना मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या लवतात आणि स्नायूच्या त्या हालचालीने पापणीतील पाणी पुढे सरकत राहते. झोपेत ही हालचाल थांबते. शिवाय आडवे झाल्यावर दिवसभर पायांकडे उतरलेले पाणी सगळ्या अंगात पसरते आणि त्यातले काही चेहऱ्यावर येते. सकाळी उठल्यावर डोळे थोडे फुगलेले दिसतात ते यामुळे. उठून चालायला-फिरायला लागले की तास-दोन तासांत ही सूज उतरते.

वय वाढते तसा चरबीपुढचा पडदा सैल पडतो आणि चरबी पुढे ढकलली जाते. डोळ्यांखाली पिशव्या आल्यासारख्या दिसतात त्या अशा. अनेक घराण्यांत हा वारसा असतो आणि तिशी-चाळिशीतच तो दिसू लागतो. तिसरा प्रकार नुसत्या सैल त्वचेचा. उन्हात वर्षानुवर्षे काम केलेल्यांमध्ये आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये तो लवकर येतो.

हे प्रकार घरीच बऱ्यापैकी ओळखता येतात. सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत कमी होणारी सूज पाण्याची. दिवसभर तशीच राहणारी, आरशासमोर मान न हलवता नजर वर नेल्यावर अधिक उठून दिसणारी आणि खाली पाहिल्यावर कमी होणारी सूज चरबीची. दोन्ही डोळ्यांना खाज सुटून, पाणी येऊन पापण्या फुगल्या असतील तर कारण बहुधा अ‍ॅलर्जीचे. एकाच पापणीच्या कडेला दुखरा फोड असेल तर ती रांजणवाडी. काळी वर्तुळे ही सूज नव्हे. तो त्वचेचा रंग किंवा खोलगट भागाची सावली असते.

धानाच्या प्रदेशातील कारणे

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. पवनी, लाखांदूर, साकोलीपासून तुमसरपर्यंत जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी चालते, दिवाळीच्या सुमारास कापणी होते आणि पुढे मळणी. ओलिताखालच्या भागात उन्हाळी धान असल्याने मळणीचा हंगाम वर्षातून दोनदा येतो. मळणीयंत्राजवळ उडणारा भुसा आणि राइस मिलमधील कोंड्याची धूळ डोळ्यांत गेली की डोळे चुरचुरतात, माणूस ते चोळतो आणि चोळण्यानेच सूज दुप्पट होते. रोवणीत तासन्‌तास वाकून काम केल्यावरही डोके खाली राहिल्यामुळे चेहरा जड होतो. ही सूज विश्रांतीने उतरते.

दुसरे मोठे कारण गाजर गवताचे. पावसाळ्यानंतर बांधांवर, पडीक जागेत आणि रस्त्याकडेला हे तण पांढऱ्या फुलांनी भरून जाते. त्याचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उडतात आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांच्या त्वचेवर इसब उठते. त्याची जागा ठरलेली असते : पापण्या, मानेच्या घड्या आणि कोपराच्या आतल्या बाजू. पापण्या आधी लाल होऊन फुगतात, मग त्यांची सालपटे निघतात आणि वर्षानुवर्षे दुखणे चालले तर त्वचा जाड, काळपट होते. दरवर्षी त्याच हंगामात पापण्या आणि मान दोन्ही बिघडत असतील तर डोळ्यांचे थेंब बदलत बसण्यापेक्षा शेताच्या बांधावर काय उगवले आहे ते पाहावे. गवत उपटताना हातमोजे, लांब बाह्यांचे कपडे आणि तोंडावर फडके हवे. ज्याला आधीच त्रास आहे त्याने हे काम करूच नये.

तिसरे कारण स्वयंपाकघरातले आहे. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ खावे. वरण-भाताच्या ताटात वरून घेतलेले मीठ, लोणचे, पापड, कुरडया आणि सुकवलेली मासळी यांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पापडात तर मिठाबरोबर पापडखारही असतो आणि तोही सोडियमचाच क्षार आहे. रात्रीच्या जेवणात हे पदार्थ असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे सांगतात. दारू आणि अपुरी झोप यांचाही परिणाम असाच दिसतो.

घरी करता येण्याजोगे उपाय

पाण्याच्या सुजेवर सर्वांत भरवशाचा उपाय थंडाव्याचा. स्वच्छ मऊ फडके माठातल्या गार पाण्यात भिजवून पिळावे आणि मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवावे. कोमट झाले की पुन्हा भिजवावे. गारव्याने त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि त्यांतून झिरपणारे पाणी कमी होते. बर्फ थेट पापणीवर ठेवू नये, इतकी पातळ त्वचा त्याने भाजल्यासारखी होते. काकडीच्या चकत्यांचा गुण मुख्यतः त्यांच्या गारव्यात आहे. चहाच्या थंड केलेल्या पिशव्यांत गारव्याखेरीज कॅफिनही असते, त्यानेही रक्तवाहिन्या थोड्या आकुंचतात. यातल्या कशाचाही परिणाम काही तासांपुरताच.

टिकाऊ फरक सवयींनी पडतो. रात्रीचे जेवण कमी मिठाचे आणि झोपण्याच्या दोन-तीन तास आधी घ्यावे. डोके थोडे उंच राहील अशी उशी वापरावी आणि पालथे झोपू नये. रोज सात-आठ तासांची झोप मिळावी. उन्हाळ्यात पाणी तोडू नये. सुजेच्या भीतीने पाणी कमी पिण्याने निरोगी माणसाचा काहीच फायदा होत नाही. काजळ व इतर प्रसाधने रात्री धुऊन काढावीत आणि कोणाचे काजळ कोणी वापरू नये.

मळणीच्या किंवा मिलच्या कामाला जाताना बाजूंनी बंद असलेला साधा चष्मा आणि नाकातोंडावर फडके वापरावे. कामावरून आल्यावर आधी हात, मग चेहरा व डोळे स्वच्छ पाण्याने धुवावेत. खाज सुटली तरी डोळे चोळू नयेत. सतत चोळण्याची सवय असलेल्या मुलांमध्ये डोळ्यांपुढचे पारदर्शक पटल शंकूसारखे पुढे येण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी दिलेल्या अ‍ॅलर्जीविरोधी गोळ्या किंवा थेंब घ्यावेत आणि बाकी काम गार पाण्याच्या फडक्यावर सोपवावे.

लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट, झाडपाल्याचे रस डोळ्यांजवळ लावू नयेत. त्यांनी त्वचा पोळते आणि डोळ्यांत गेल्यास इजा होते. त्याहून मोठा धोका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमांचा. सूज, खाज, काळे डाग यांवर ती दोन दिवसांत गुण देतात, म्हणून ती महिनोन्‌महिने वापरली जातात. पापणीची त्वचा त्यांनी आणखी पातळ होते, आणि डोळ्यांत टाकायच्या स्टेरॉइडच्या थेंबांचा दीर्घकाळ वापर काचबिंदू व मोतीबिंदूला निमंत्रण देतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

चरबीच्या पिशव्यांवर कोणत्याही मलमाचा, मालिशचा किंवा फडक्याचा कायमचा उपयोग होत नाही. त्या दिसण्याचा फार त्रास होत असेल तर खालच्या पापणीची शस्त्रक्रिया हा मार्ग आहे. त्यात पापणीच्या आतून किंवा पापणीच्या केसांखालून छेद घेऊन चरबी काढली किंवा सरकवली जाते. डोळा कोरडा पडणे, पापणी खाली ओढली जाणे आणि क्वचित रक्तस्रावाने दृष्टीला धोका होणे हे तिचे संभाव्य तोटे आहेत. फिलरची इंजेक्शने खोलगट भाग भरतात, पिशवी कमी करत नाहीत; ती चुकीच्या जागी गेली तर सूज वाढते आणि रक्तवाहिनीत गेली तर अंधत्वही येऊ शकते. अशा उपचारांसाठी प्रशिक्षित नेत्रतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जावे. या पिशव्या हा आजार नाही आणि त्या तशाच ठेवल्याने काही बिघडत नाही.

सूज जेव्हा इशारा असते

दोन ते सहा वर्षांच्या मुलाचे डोळे रोज सकाळी सुजलेले दिसू लागले तर मूत्रपिंडाचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा. नेफ्रॉटिक सिंड्रोम या विकारात मूत्रपिंडाच्या गाळणीतून रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे निघून जाते. पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवण्याचे काम हेच प्रथिन करते. ते कमी झाले की पाणी ऊतींत झिरपते. सुरुवात पापण्यांपासून होते, संध्याकाळी पाय सुजतात, पुढे पोट फुगते. लघवीला फेस येतो आणि ती कमी होते. सूज दुपारी उतरत असल्याने घरचे लोक अ‍ॅलर्जी, किडा चावणे किंवा जास्त झोप असे समजतात आणि आठवडे निघून जातात.

ही शंका दूर करणारी तपासणी अत्यंत साधी आहे. सकाळच्या पहिल्या लघवीत कागदी पट्टी बुडवतात आणि मिनिटभराने तिचा रंग डब्यावरील रंगांशी ताडून पाहतात. प्रथिने नसतील तर पट्टीचा चौकोन पिवळा राहतो. जितकी प्रथिने जास्त तितका तो हिरवा होतो. या विकाराच्या बहुतांश मुलांना प्रेडनिसोलोन या औषधाने चांगला गुण येतो. आजार पुन्हा उलटू शकतो, म्हणून अनेक पालकांना घरीच रोज पट्टी पाहून वहीत नोंद ठेवायला शिकवले जाते.

पावसाळ्यात खरूज चिघळून किंवा घसा दुखून गेल्यानंतर एक ते सहा आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजला आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तो मूत्रपिंडाचा दाह असू शकतो. अशा मुलाचा रक्तदाब त्याच दिवशी मोजावा लागतो.

गर्भवतीच्या पायांना थोडी सूज येणे स्वाभाविक आहे. पण पाचव्या महिन्यानंतर चेहरा आणि डोळे अचानक सुजले, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा रक्तदाब १४०/९० किंवा अधिक भरला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. मोठ्या माणसांत पापण्या सतत जड, सोबत थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठ, थंडी न सोसणे आणि आवाज घोगरा होणे ही लक्षणे असतील तर थायरॉइडची रक्ततपासणी करावी.

एकाच डोळ्याभोवती लाल, गरम सूज, ताप आणि डोळा हलवताना दुखणे ही खोबणीतील जंतुसंसर्गाची खूण आहे. नव्या औषधानंतर किंवा कीटक चावल्यावर पापण्यांबरोबर ओठ-जीभ सुजून श्वास अडखळला तर वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत भंडारा मोडतो, त्यामुळे अंगावरची कोणतीही सूज त्याच खात्यात टाकण्याची प्रवृत्ती दिसते. हत्तीरोगाची सूज बहुधा पायांना, हातांना किंवा जननेंद्रियांना येते. डोळ्यांभोवतीच्या सुजेचे कारण दुसरीकडे शोधावे.

सुजलेली पापणी आणि मिटत जाणारी पापणी यांतला फरकही या भागात माहीत असायलाच हवा. मण्यार हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही आणि दाताची खूणही बऱ्याचदा सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या उचलत नाहीत, गिळता येत नाही, बोलणे अडखळते. ही झोप नाही की सूज नाही. विषाने स्नायू लुळे पडत असतात. गार फडके, मंत्र, झाडपाला यांत गेलेला प्रत्येक तास श्वास बंद पडण्याकडे नेतो. प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय हाच यावर उपाय.

सकाळी येऊन दुपारी जाणाऱ्या, एरवी ठणठणीत असलेल्या मोठ्या माणसाच्या सुजेला मीठ, झोप आणि गार पाण्याचे फडके पुरेसे आहे. लहान मुलाचे डोळे मात्र लागोपाठ दोन-तीन सकाळी सुजलेले दिसले, तर कोणतेही मलम किंवा अ‍ॅलर्जीचे औषध आणण्याआधी त्याला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत.