हात बसतो तो रोजच्या रेखाटनानेच

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेली माणसे महाराष्ट्रात घरोघरी सापडतात. शाळेत असताना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांचा सराव त्यांनी नेटाने केलेला असतो. परीक्षा संपते, रंगपेटी माळ्यावर जाते आणि काही वर्षांनी हीच माणसे ‘आपल्या हातात कला नाही’ असे सांगू लागतात. वास्तविक, सुटलेली असते ती कला नव्हे, सवय. आणि सवय कोणत्याही वयात पुन्हा लावता येते.

चित्र हाताने काढले जाते, पण चुकते ते बहुधा डोळ्यामुळे. कपाचे तोंड गोल असते हे मनाला ठाऊक असते, म्हणून हात पूर्ण वर्तुळ काढतो. समोर ठेवलेल्या कपाचे तोंड प्रत्यक्षात लंबगोल दिसत असते. ‘माहीत असलेले’ आणि ‘दिसणारे’ यांतला हा फरक ओळखणे म्हणजेच रेखाटन शिकणे. तो एका दिवसात अंगवळणी पडत नाही. रविवारी सलग चार तास बसण्यापेक्षा रोज दहा मिनिटे काढणे अधिक गुणकारी ठरते, कारण कालची चूक आज ताजी असते आणि लगेच सुधारता येते.

कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान (निधन १९३१) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. कोल्हापुरात परतल्यावर कोटितीर्थ तलावाचा परिसर त्यांनी निरनिराळ्या प्रहरी, निरनिराळ्या प्रकाशात पुन्हा पुन्हा रंगविला. विषय नवा नव्हता. पाहणे मात्र दरवेळी नवे होते. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने तर चित्रकार व्हायचे ठरविले तेच १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, आणि सुरुवात केली ती रेखांकनाचे छापील धडे चिकाटीने गिरवून.

विषय दाराशीच

विषय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे उदाहरण घेता येईल. गोदावरीवरील धरण, त्यामागचा शंकरसागर जलाशय, काठावरचे काळेश्वर मंदिर आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर, असे चारही दिशांना विषयच विषय आहेत. धरणाच्या दरवाज्यांची रांग हा यथार्थदर्शनाचा उत्तम धडा ठरतो. लांब जाताना दरवाजे लहान होत जातात आणि त्यांच्या वरच्या-खालच्या रेषा पाहणाऱ्याच्या नजरेच्या पातळीवर एका बिंदूकडे झुकतात. प्रतिबंधित भागात न शिरता, लांबून काठावरूनही हे टिपता येते. मंदिराच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ छाया कशी सरकते, हा दुसरा धडा.

येथे अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयेही आहेत. यंत्राच्या भागाचे मुक्तहस्त चित्र काढणाऱ्या किंवा शरीररचनेची आकृती वहीत उतरविणाऱ्या विद्यार्थ्याला रेखाटनाचा सराव अभ्यासातही उपयोगी पडतो.

सुरुवात कशी करावी?

खिशात किंवा पिशवीत मावेल अशी कोऱ्या पानांची लहान वही आणि टूबी किंवा फोरबी पेन्सिल पुरेशी आहे; साधे बॉलपेनही चालते. खोडरबर शक्यतो घरी ठेवावे. चुकीची रेषा तशीच राहू देऊन शेजारी योग्य रेषा काढली की दोन्हींतला फरक डोळ्यांसमोर राहतो. प्रत्येक पानावर तारीख आणि वेळ लिहावी.

पहिले मिनिटभर फक्त पाहावे. मग सर्वांत मोठा आकार आधी मांडावा, तपशील शेवटी. हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून पेन्सिलीने उंची आणि रुंदीचे प्रमाण मोजावे. झाड काढताना फांद्यांइतकेच त्यांच्यामधून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्यांचे आकार पाहावेत. बसथांब्यावरची माणसे क्षणात हलतात. तेथे चेहऱ्याच्या नादी न लागता पाठीचा बाक आणि पायांवरचा भार अर्ध्या मिनिटात टिपावा.

सवय टिकते ती ठरलेल्या वेळेमुळे. सकाळच्या चहानंतर किंवा बसची वाट पाहताना, अशी दिनक्रमातील एखादी घटका तिला जोडून द्यावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट काढण्याचा हट्ट नको. एक चमचा किंवा एक चप्पल काढली तरी सवयीचा धागा तुटत नाही. महिन्यातून एकदा पहिल्या पानावरचाच विषय पुन्हा काढावा आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत.

एक गोष्ट मात्र आधीच ठाऊक असावी. पहिल्या काही आठवड्यांत चित्रे बिघडत चालली आहेत असे वाटते. नजर हातापेक्षा लवकर तयार होते, म्हणून पूर्वी न जाणवलेल्या चुका आता खटकू लागतात. बहुतेकांची वही येथेच बंद पडते. खरे तर चूक दिसू लागणे हेच प्रगतीचे पहिले लक्षण आहे. हात तिच्यामागून येतो, पण त्यासाठी वही उघडी राहायला हवी.