डेटाबेसला प्रश्न कसा विचारावा

गेल्या वर्षीं निकालाच्या दिवशीं एका विद्यार्थिनीच्या मातोश्री गुण पहावयास कचेरींत आल्या. आडनांव डि'सूझा. आम्हीं मोठ्या हौसेनें लिहिलेल्या प्रोग्रॅमांत तें घातलें, तों गुणांऐवजीं चुकीची सूचना पडद्यावर आली. आधीं आलेल्या सर्वांचे गुण बिनतक्रार निघाले होते. बाई संकोचल्या, जणूं दोष त्यांच्या नांवाचाच! दोष आमचा होता, आणि तो कोणता, हें येथें सांगावयाचें आहे.

डेटाबेस म्हणजे रकाने व ओळी असलेल्या तक्त्यांचा संग्रह. एका तक्त्यांत विद्यार्थ्यांचीं नांवें, दुसऱ्यांत गुण, आणि दोहोंस जोडणारा हजेरीपटाचा क्रमांक. अशा रचनेची कल्पना आयबीएम कंपनींतील एडगर कॉड ह्यांनीं १९७० सालीं मांडली. प्रोग्रॅम ह्या तक्त्यांस स्वतः हात लावीत नाहीं. तो प्रथम डेटाबेसशीं जोडणी करतो, मग एसक्यूएल नांवाच्या भाषेंत एक वाक्य पाठवितो, आणि उत्तरादाखल ओळी घेतो. एकही ओळ न आली तर ती चूक नव्हे. 'असें कोणी नाहीं' हेंहि उत्तरच होय.

आम्हीं काय केलें? विचारलेलें नांव सरळ त्या वाक्यांत चिकटविलें. एसक्यूएलमध्यें मजकूर दोन एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. डि'सूझांतील खूण म्हणजे संगणकाच्या दृष्टीनें तेंच चिन्ह. त्यास वाटलें, नांव 'डि' येथेंच संपलें; उरलेल्या 'सूझा'चा अर्थ त्यास लागेना. हें एवढ्यावरच थांबत नाहीं. नांवाच्या जागीं कोणी लबाडीनें अवतरणचिन्ह घालून पुढें 'किंवा एक बरोबर एक' अशा अर्थाची अट लिहिली, तर ती नेहमींच खरी ठरून साऱ्या शाळेचे गुण परक्यापुढें उघडे पडतील.

नांवांतील खूणच गाळावी, असें एकानें सुचविलें. तें आम्हांस रुचलें नाहीं. चर्चच्या नोंदवहींत जें नांव आहे, तें यंत्राच्या सोयीकरितां कां मोडावें? खरा उपाय सोपा आहे. वाक्यांत नांवाच्या जागीं, अवतरणचिन्हांवांचून, केवळ प्रश्नचिन्ह ठेवावें, आणि नांव वेगळें हातीं द्यावें. मग त्यांत कांहींहि असो, डेटाबेस त्यास नांवच समजतो, आज्ञा समजत नाहीं.

पायथनबरोबर एसक्यूलाइट हा लहानसा डेटाबेस वापरण्याची सोय येतेच. त्यास परवलीचा शब्दहि लागत नाहीं, फाइलीचें नांव पुरे. पांच ओळींचा तक्ता करावा, ओळी भरल्यावर 'कमिट' ही आज्ञा देण्यास विसरूं नये, नाहींतर त्या टिकत नाहींत. आणि पहिला शोध डि'सूझांचाच घ्यावा.