कुत्र्याची जात आणि कुत्र्याचे वळण

कुत्रे पाळावयाचे ठरले की आपल्या सुशिक्षित घरांत पहिला प्रश्न निघतो तो जातीचा. अल्सेशियन राखणीला, लॅब्रॅडॉर मुलांशी खेळावयाला, रॉटवायलर दाराशीही नको, आणि गावठी ते उकिरड्यावरचे, ही वाटणी आमच्या छत्रपती संभाजीनगरात समर्थनगरापासून सिडकोपर्यंत सर्वांस तोंडपाठ आहे.

आमच्या शेजारी असाच एक लॅब्रॅडॉर होता. जात गरीब, या भरवशावर त्याला काहीएक शिकविले नव्हते. दिवसभर तो गच्चीवर साखळीस बांधलेला असे. एके दिवशी त्याच्या पुढ्यातले ताट ओढू पाहणाऱ्या चार वर्षांच्या नातीच्या हाताला तो चावला. घरची मंडळी म्हणाली, "हा अस्सल लॅब्रॅडॉर नसावा!" मला नवल वाटले ते या निदानाचे.

जातीच्या नावाची भीती किती पोकळ असते पाहा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांस 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला, म्हणून तेथे जर्मन शेफर्डला 'अल्सेशियन' म्हणू लागले. तिकडील केनेल क्लबाने मूळ नाव १९७७ साली परत दिले. नावे दोनदा बदलली. कुत्रे होते तेच राहिले.

तरी जात म्हणजे काहीच नव्हे, असे मी म्हणणार नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठे संशोधन प्रसिद्ध झाले. १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांस प्रश्न विचारून आणि २,१५५ कुत्र्यांची जनुके वाचून शास्त्रज्ञांनी असे काढले की, कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनात जो फरक दिसतो, त्यापैकी जातीने उलगडतो तो अवघा ९ टक्के. आज्ञा पाळण्याच्या बाबतीत जातीचा प्रभाव थोडा अधिक. पण कुत्रे कितपत लवकर चिडेल, हे जातीवरून जवळजवळ सांगताच येत नाही. आणि आपण तर नेमके तेवढेच जातीवरून ठरवितो! केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी २३ जातींची विक्री व पैदास यांस परवाने देऊ नयेत, असे राज्यांस कळविले होते. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढील महिन्यातच रद्द ठरविले.

आता वळणाची गोष्ट. पिलाच्या वयाचा तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ फार मोलाचा. या काळात त्याने जी माणसे, जे आवाज, जे स्पर्श अनुभवले, ते त्याला जन्मभर आपले वाटतात. जे अनुभवले नाही त्याचे भय राहते. आपल्याकडील २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकता येत नाही. म्हणजे पिलू घरी येते तेव्हा आपल्या हाती जेमतेम सहा आठवडे उरतात, आणि तेच आपण 'अजून लहान आहे' म्हणून दवडतो! लसीकरण पुरे होईतो त्याला रस्त्यावर सोडू नये हे खरे. परंतु कडेवर घेऊन गुलमंडीची गर्दी दाखविण्यास काय हरकत आहे? घरातील सर्वांनी एका आज्ञेस एकच शब्द वापरावा. आजोबा 'बस' म्हणतात, नातू 'सिट' म्हणतो, आणि बिचारे पिलू दोघांकडे पाहत उभे राहते. बक्षीस द्यावयाचे तेही आज्ञा पाळताच, त्याच क्षणी. मारू मात्र नये. माराने कुत्रे गुरगुरणे सोडते, चावणे सोडत नाही.

लॅब्रॅडॉरचेच दुसरे उदाहरण देतो. मुंबई पोलिसांचा 'झंजीर' पुण्याच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तयार झाला. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स शोधून दिले, आणि २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. जात तीच, जी आमच्या शेजारच्या गच्चीवर साखळीस बांधलेली होती.

त्या शेजारच्या कुत्र्याची साखळी पुढे सुटली. तिसऱ्या वर्षी त्याला शिकविण्यास आरंभ झाला. जे दोन महिन्यांत व्हावयाचे त्यास वर्ष लागले. नात आता सहा वर्षांची आहे. तिने 'बस' म्हणताच तो बसतो. तो जेवत असता मात्र तिला अजूनही कोणी जवळ जाऊ देत नाही.