जुना छोटा हत्ती घेताय? रंगाआधी कागद, पाट्याआधी ब्रेक

नांदेड/लातूर : सोयाबीनचे पैसे हाती आले, की तालुक्याच्या गावातल्या गॅरेजसमोर एक ओळखीचं दृश्य दिसतं. कुणीतरी नुकताच घेतलेला जुना छोटा हत्ती नाहीतर पिकअप घेऊन उभा असतो आणि पहिला प्रश्न येतो, "मिस्त्री, एक पाटा जास्तीचा टाकायला किती लागतील?" दुसरा प्रश्न रंगाचा, तिसरा साउंडचा. ब्रेकचं नाव निघतं ते सगळ्यात शेवटी, पैसे संपत आल्यावर.

अर्धापूरची केळी, धर्माबादची मिरची, लातूरच्या आडतीवर जाणारं सोयाबीन आणि तूर, गावोगावचं दूध, हा सगळा माल लहान गाड्यांवर चालतो. टाटा एस 2005 मध्ये बाजारात आली आणि 'छोटा हत्ती' हे नाव घराघरात गेलं. नवी गाडी मोठ्या कर्जाशिवाय येत नाही, म्हणून अनेक तरुण जुन्या गाडीवर धंदा सुरू करतात. त्यात चूक काही नाही. पैसा कोणत्या क्रमाने घालायचा, तिथे गणित चुकतं आणि घरातली पुंजी अडकते.

नाव कुणाचं, जबाबदारी कुणाची

पहिला खर्च कागदांवर. स्टँप पेपरवर सौदा लिहिला, चावी घेतली, म्हणजे गाडी आपली झाली असं होत नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात प्रकरणात हे स्पष्ट केलं. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण आरटीओत नाव पहिल्याच मालकाचं होतं. नुकसानभरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्याच्यावरच ठेवली. म्हणजे नाव बदलून घेण्याची जेवढी गरज घेणाऱ्याला, तेवढीच विकणाऱ्यालाही आहे.

नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घेऊन तो आधी उतरवावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. गाडीचे थकीत चलान मोबाइलवरच तपासता येतात. ते सौदा ठरण्याआधी बघावेत, नाहीतर आधीच्या मालकाचा दंड नव्याच्या गळ्यात पडतो.

पासिंगची तारीख बघणंही तेवढंच महत्त्वाचं. मालवाहू गाडीला 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावी लागते. पासिंग संपलेली गाडी स्वस्त मिळते खरी, पण ती पास करून घेण्याचा सगळा खर्च घेणाऱ्याच्या अंगावर येतो.

सीमेपलीकडची स्वस्त गाडी

देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, निलंगा या भागात तेलंगणा-कर्नाटकातल्या गाड्यांचा मोह मोठा असतो. हैदराबाद किंवा बिदरकडची गाडी दिसायला स्वस्त वाटते. पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म 28) लागते, आपल्या राज्याचा कर भरावा लागतो आणि 12 महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो. हा खर्च धरून मगच भाव करावा. एनओसी 'नंतर देतो' म्हणणाऱ्याला पूर्ण पैसे देऊ नयेत.

गाडी बघायची ती सकाळी, थंड असताना

गिऱ्हाईक येणार म्हणून आधीच तापवून ठेवलेलं इंजिन सगळं झाकतं. बोनेटला किंवा इंजिनच्या झाकणाला हात लावून बघावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी यावं. थंड इंजिन सुरू केल्यावर धूर बरंच सांगून जातो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर किंवा इंजेक्टरच्या कामात तो बहुतेक वेळा सुटतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळतंय, रिंगा गेल्या असतील. तिथे हाफ इंजिनचं काम गृहीत धरूनच बोलावं. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गास्केटची शंका घ्यावी.

चासी नंबर आरसीशी जुळवावा. गाडीखाली वाकून चासीवर वेल्डिंगचे जोड आहेत का ते बघावं. टायरच्या बाजूला चार आकडे छापलेले असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर दिसली तरी उन्हात कडक झालेला, भेगाळलेला टायर कामाचा नाही. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर तर नकोच.

पाटा वाढतो, क्षमता वाढत नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. जास्तीचा पाटा टाकला की गाडी मागे बसत नाही, म्हणून ती जास्त वजन पेलते असं वाटतं. प्रत्यक्षात एक्सल, हब, बेअरिंग, ब्रेक, टायर आणि चासी आहे तेवढ्याच ताकदीची राहते. गाडी बसत नाही, एवढंच. आधी बसलेली गाडी डोळ्यांना इशारा द्यायची, तोही जातो.

त्यात आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. अनेक पिकअपना मागच्या एक्सलजवळ भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. माल भरला की हौदा खाली बसतो, व्हॉल्व्हचा दांडा हलतो आणि मागच्या चाकांना जास्त ब्रेक मिळतो. पाटा वाढवला की हौदा बसत नाही. व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीला मागून ब्रेक कमी पडतो. माहूर-किनवटच्या उतारावर याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या छोट्या हत्तीची क्षमता 750 किलोची. म्हणजे 50 किलोचे 15 कट्टे. जादा वजन सापडलं तर 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. रोज 25 कट्टे न्यायचे असतील तर पाटा वाढवून भागणार नाही. मोठी गाडी बघावी किंवा दोन खेपा कराव्यात.

म्हणून पाट्याचे पैसे आधी इकडे लावावेत: चारही चाकांचे ब्रेक लायनर, ब्रेक ऑईल, व्हील सिलिंडर, हबचं ग्रीसिंग, स्टिअरिंगचे जॉइंट आणि तुटलेला पाटा असेल तर तेवढाच बदलणं.

बोअरचं पाणी आणि उघड्या वायरी

मराठवाड्याच्या उन्हात इंजिन बसतं ते बहुतेक वेळा तापून. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायची सवय याला मोठं कारण आहे. त्या पाण्यातला क्षार आत थर धरतो, नळ्या बुजतात आणि गाडी चढावर तापते. जुनी गाडी घेतल्यावर रेडिएटर साफ करून कूलंट भरावं, पाइप आणि फॅन बेल्ट बदलावेत. हा खर्च हेडच्या कामापुढे किरकोळ आहे.

साउंड आणि जादा दिव्यांसाठी थेट बॅटरीवरून ओढलेली वायर हा दुसरा धोका. 100 वॅटचे दोन दिवे लावले तरी 12 व्होल्टवर सुमारे 17 अँपियर करंट ओढतात. मध्ये फ्यूज आणि रिले नसेल, तर घासलेली वायर पेट घेते. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली दिसली तर ती आधी काढावी.

काय बदलता येतं, काय नाही

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. हौदा लांबवणं, चासी वाढवणं यासाठी प्रत्येक बदलाला 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सीएनजी किट चालतं, पण ते मान्यताप्राप्त हवं आणि आरसीवर त्याची नोंद हवी. सिलिंडरची दर 3 वर्षांनी तपासणीही लागते. व्हॅनमध्ये घरगुती गॅसची टाकी जोडणं बेकायदा आहेच, जिवावरचंही आहे.

पांढऱ्या पाटीची खासगी व्हॅन भाड्याने फिरवू नये आणि मालाच्या गाडीत वऱ्हाड किंवा यात्रेकरू बसवू नयेत. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

ताडपत्रीची नीट चौकट, फाळक्याच्या मजबूत कड्या, रिव्हर्सचा बझर, चांगली सीट, पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल चमकपट्टी, हे मात्र जरूर करावं. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे. ती बसली नसेल तर भावात धरावी.

पहिली खेप

काम संपल्यावर पहिली खेप जवळची घ्यावी. क्षमतेएवढाच माल भरून आधी वजनकाट्यावर जावं, मग 20-25 किलोमीटर चालवून थांबावं आणि चारही हबांजवळ हात न्यावा. एखादा हब इतरांपेक्षा फार गरम लागला तर ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. गाडी परत मिस्त्रीकडे न्यावी. चारही सारखे लागले, की मग रंगाचा भाव विचारायला हरकत नाही.