अष्टूरची वाट

बीदरला येणारी मोटार बहुधा किल्ल्यापाशी थांबते आणि तशीच परत फिरते. आम्ही मैलूरहून निघालो, शहर ओलांडले आणि पूर्वेची अष्टूरची वाट धरली. वाटेत खलीलुल्लाची अष्टकोनी चौखंडी लागते. पुढे शेतांच्या कडेला बहमनी सुलतानांचे घुमट ओळीने उभे दिसतात.

त्यांतला अहमदशहा वलीचा घुमट आतून पाहावा. याने १४२२ ते १४३६ राज्य केले. गुलबर्ग्याची राजधानी बीदरला आणली ती यानेच. आतली शेंदरी, निळी, सोनेरी नक्षी अजून टिकून आहे. पण मला त्याहून नवल वाटते ते तिथल्या नादाचे. मुसलमान या सुलतानाला वली मानतात, तर लिंगायत अल्लमप्रभूंचा अवतार. त्याचा उरूस हिंदू पंचांगाप्रमाणे भरतो. कलबुर्गी जिल्ह्यातल्या माड्याळचे जंगम त्यासाठी येतात आणि कबरीपाशी शंख फुंकला जातो.

मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो. दरबार गेला की त्याचे गाणेही कसे ओसरते, हे जवळून पाहिले आहे. येथे राज्य बुडून जवळजवळ पाच शतके लोटली, तरी शंख वाजतो आहे. रयतेने तो सांभाळला.

वाचकहो, किल्ला अवश्य पाहा. पण मोटारीचे तोंड जरा अष्टूरकडेही वळवा.