बॅटरीचे गोत्र

लग्नमंडपात अंतरपाट दूर होण्याचा क्षण एकदाच येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जांब नदीत गोटमार होते आणि पात्रात रोवलेले पळसाचे झाड तोडले जाते, तेही वर्षातून एकदाच. अशा वेळी छायाचित्रकाराचा कॅमेरा बंद पडला, तर गेलेला क्षण पैसे मोजूनही परत मिळत नाही.

पांढुर्णा आणि सौसर ही आपली मराठी वस्तीची गावे. पूर्वी ती छिंदवाडा जिल्ह्यात होती. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. बड्या खरेदीसाठी इकडच्या मंडळींना नागपूर जवळचे. पण मुहूर्त तोंडावर असता नागपूर कोण गाठणार? मग शेजारच्या स्टुडिओतून बॅटरी उसनी आणण्याचा मार्ग सुचतो. येथेच पुष्कळांची फसगत होते. दोन्ही कॅमेरे एकाच कंपनीचे, तेव्हा बॅटरीही चालेल, असा सहज समज असतो; तो खरा नव्हे.

कॅननचेच उदाहरण घेऊ. ७०० डी या कॅमेऱ्यास एलपी-ई ८ ही बॅटरी लागते, १२०० डी यास एलपी-ई १० आणि ७५० डी यास एलपी-ई १७. तिन्हींचा दाब ७.२ ते ७.४ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ सारखाच. परंतु आकार निराळा, धातूच्या पट्ट्यांची जागा निराळी. शिवाय कित्येक बॅटऱ्यांत एक चिमुकली चकती असते. किती वीज उरली हे ती कॅमेऱ्यास सांगते. ही ओळख पटली नाही, तर बॅटरी खाचेत बसूनही कॅमेरा तिला नाकारू शकतो.

उलट, काही बॅटऱ्यांची घराणी दीर्घायुषी आहेत. २००८ साली कॅननच्या ५ डी मार्क २ बरोबर आलेली एलपी-ई ६ ही पुढे ७ डी, ६० डी, ७० डी, ८० डी यांनाही चालली. तिच्या वंशातील एलपी-ई ६ एनएच २०२० साली आर ५ बरोबर आली. जुनी ई ६ या नव्या कॅमेऱ्यात चालते. मात्र सलग चित्रे घेण्याचा पूर्ण वेग मिळत नाही. निकॉनच्या २०१० सालच्या डी ३१०० ची ईएन-ईएल १४ ही २०१३ सालच्या डी ५३०० मध्येही चालते. लग्न जुळविताना सगोत्र टाळतात. येथे मात्र सगोत्रच हवे!

घरातील जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची गोष्ट याहून सोपी. त्यांतील पुष्कळांना साधे पेन्सिल सेल लागतात आणि ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात. साधा सेल १.५ व्होल्टचा, तर पुन्हा भरता येणारा १.२ व्होल्टचा असतो. म्हणून काही कॅमेरे भरलेला सेलही रिकामा असल्याचे दाखवितात. नवे, जुने आणि निरनिराळ्या जातीचे सेल एकत्र घालू नयेत.

आमचे सांगणे इतकेच की, दुसरा कॅमेरा घेताना, विशेषतः जुना घेताना, कंपनीचे नाव पाहण्याआधी बॅटरीवरील क्रमांक वाचावा. पहिल्याच क्रमांकाचा कॅमेरा मिळाला, तर चार्जर आणि राखीव बॅटऱ्या दोहोंस पुरतात आणि तेवढा खर्च वाचतो. फुगलेली बॅटरी खाचेत दडपून बसवू नये. ती बाद समजावी. गावातील स्टुडिओंनी आपापले क्रमांक एकमेकांस कळवून ठेवले, तर अडल्या वेळी कोणाकडे जावयाचे हे आधीच ठाऊक असेल. घरच्या कार्यासाठी छायाचित्रकार ठरविताना यजमानांनीही विचारावे, "राखीव बॅटरी आहे ना, आणि ती याच कॅमेऱ्याची ना?" एवढ्या एका प्रश्नाने कन्यादानाचे छायाचित्र हुकण्याचे टळेल.