चढणीचे मासे : पहिल्या पुरात काय धरावे, काय सोडावे

मृगाच्या सरी दोन-चार दिवस नेटाने कोसळल्या, की सह्याद्रीच्या पायथ्याचे ओहोळ एका रात्रीत तांबूस, गढूळ होऊन धावू लागतात. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत आणि सीमेपलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीच्या गावांत त्या रात्री ओहोळांच्या काठाने बॅटऱ्यांचे उजेड फिरताना दिसतात. नदीतून ओहोळात, ओहोळातून पाटात आणि पाटातून थेट शेताच्या मेरेपर्यंत मासे चढू लागलेले असतात. हेच ‘चढणीचे मासे’.

या माशांना मोल येते ते केवळ चवीमुळे नव्हे. गोव्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींची सागरी मासेमारी बंद असते. बाजारातली ताजी मासळी रोडावलेली असताना ओहोळ घरच्या दारात मासे आणून सोडतो. मात्र समुद्रातील बंदी ज्या कारणासाठी पाळली जाते, त्याच कारणासाठी नदीतला मासा चढत असतो. ते कारण म्हणजे प्रजनन. समुद्रातील माशाला मिळणारी ही सवड ओहोळातील माशाला बहुतांशी माणसाच्या विवेकावरच मिळते.

मासे का चढतात?

गोड्या पाण्यातील आपल्याकडच्या बहुतेक माशांची वीण पावसाळ्यात होते. उन्हाळ्याच्या अखेरीस माद्यांच्या पोटात अंडी तयार होत आलेली असतात. परंतु ती सोडण्यास पाण्याकडून इशारा मिळावा लागतो. पाऊस पडताच पाण्याचे तापमान उतरते, प्रवाहाचा वेग वाढतो, गढूळपणा येतो, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण बदलते. हे सारे बदल एकत्र जाणवले, की मासा प्रवाहाच्या विरुद्ध निघतो.

हा इशारा किती महत्त्वाचा, याची साक्ष मत्स्यशास्त्राच्या इतिहासात आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात उत्तम वाढत, अंडीही धरत. पण वाहत्या पुराच्या अभावी ती तळ्यात सोडत नसत. म्हणून पिल्ले नद्यांतून गोळा करून आणावी लागत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली. त्या घटनेची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. जे काम प्रयोगशाळेला सुईने करावे लागले, ते ओहोळात पहिला पूर आपसूक करतो.

चढून जाण्यामागे दुसरेही कारण आहे. पाण्याखाली आलेले शेत म्हणजे पिल्लांचे पाळणाघरच. तेथे पाणी उथळ व उबदार असते, कुजणाऱ्या गवतावर सूक्ष्मजीव भरपूर वाढतात आणि नदीच्या डोहातले मोठे शिकारी मासे तेथवर सहसा पोहोचत नाहीत. अंडी फुटली, पिल्ले वाढली, की पाऊस ओसरताना ती शेतातल्या पाण्याबरोबर पुन्हा ओहोळात व नदीत उतरतात.

पुराच्या पाण्यात मासा कोठे असतो?

गळ किंवा जाळे टाकणाऱ्याला हे गणित ठाऊक हवे. नदी भरून वाहते तेव्हा मासा मुख्य धारेत क्वचितच सापडतो, कारण तेथे टिकून राहण्यातच त्याचे बळ खर्ची पडते. पाण्याचा वेग तळाशी आणि काठाशी कमी असतो. त्यामुळे मासा काठाला लागून, वळणाच्या आतल्या बाजूने, मोठ्या धोंड्याच्या आडोशाने किंवा बुडालेल्या झाडाच्या मुळांत विसावा घेत पुढे सरकतो. लहान ओहोळ नदीला मिळतो, ते मुख हे त्याचे आवडते ठिकाण. तेथे दोन प्रवाहांच्या मध्ये संथ पाण्याचा पट्टा तयार होतो आणि वाहून आलेले किडे, गांडुळे आयतीच मिळतात.

गढूळ पाण्यात दिसत नसल्याने मासे वासावर आणि पाण्याच्या हालचालीवर भिस्त ठेवतात. मिशाळ मासे यात विशेष तरबेज. म्हणूनच पहिल्या पुरात गरीला गांडूळ लावून ती काठालगत, तळाशी सोडणारा यशस्वी होतो आणि मध्यधारेत पागेर फेकणारा हात हलवत परततो. पाणी चढत असताना व संध्याकाळनंतर हालचाल अधिक असते.

प्रत्येकाची रीत वेगळी

चढणीतले सगळे मासे एकाच रीतीने वंश वाढवत नाहीत. थिगूर हा बिनखवल्यांचा मिशाळ मासा हवेतूनही श्वास घेऊ शकतो आणि छातीजवळच्या परांच्या काट्यांवर रेटत ओल्या जमिनीवरून एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो. भातशेतीच्या कडेला उथळ खळग्यात त्याची अंडी पडतात व नर त्यांची राखण करतो. पश्चिम घाटाच्या पट्ट्यातच आढळणारी त्याची एक जात आज संख्येने घटत आहे. परदेशातून आलेला आफ्रिकन मागूर हा त्याचा मोठा स्पर्धक. त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे, तरी निसटून नैसर्गिक पाण्यात शिरलेले हे खादाड मासे स्थानिक माशांच्या मुळावर येतात.

मरळ जलवनस्पती बाजूला सारून घरटे करते. पिल्लांचा तांबूस थवा पाण्याच्या पृष्ठभागाशी खेळत असताना आई-बाप त्याच्या खालीच फिरत असतात. थवा पाहून नेम धरणाऱ्याला मोठा मासा हमखास मिळतो. पण राखणदार गेल्यावर अख्खा थवा काही दिवसांत इतरांचे भक्ष्य होतो. एका जेवणाची ही किंमत फार मोठी आहे.

गोमंतकीयांच्या आवडत्या चोणकाचा प्रवास मात्र उलट्या दिशेचा. तो खाडीत आणि नदीत वाढतो व विणीसाठी पावसाळ्याच्या सुमारास नदीच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्याकडे उतरतो. चोणक आयुष्याच्या आरंभी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणजे मुखाशी सापडणारे सर्वांत मोठे चोणक बहुधा माद्याच असतात.

वाट कोठे तुटते?

चढणीची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तरी मासे संपले नाहीत. पूर्वी बांबूचे सापळे ओहोळाच्या एखाद्या तोंडाशी लागत; बाकीचे पाणी मोकळे राही, आणि पूर चढला की सापळ्यावरूनही मासे पार होत. आज नायलॉनचे बारीक आसाचे जाळे ओहोळाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ताणता येते. मोटारीच्या बॅटरीवरून पाण्यात वीज सोडण्याचे प्रकारही घडतात. त्यात लहान पिल्लांसकट सारेच मरते आणि माणसाच्या जिवालाही धोका असतो. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे हा तर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानुसार गुन्हा आहे.

दुसरा अडथळा बांधकामांचा. बंधाऱ्यांच्या फळ्या पावसापूर्वी काढल्या नाहीत, तर पहिल्या पुरातला मासा भिंतीशीच अडकतो आणि तेथे जमलेल्यांच्या हाती लागतो. ओहोळावरून रस्ता नेताना घातलेल्या नळाचे तोंड खालच्या पाण्यापेक्षा हातभर उंच राहिले, तर लहान माशाला तीही भिंतच. शेते बुजवून घरे उभी राहिली, की चढून जाण्याला ठिकाणच उरत नाही.

उन्हाळ्यातले कोंड हा या साखळीचा पहिला दुवा. मार्च ते मे या काळात ओहोळ आटतात, तेव्हा पुढच्या चढणीचे सारे मासे नदीतील मोजक्या डोहांत तग धरून असतात. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडात देवीचे म्हणून मासे पकडले जात नाहीत. श्रद्धेने राखलेला असा एक डोह नदीच्या मोठ्या पट्ट्याला बीज पुरवू शकतो.

गावाला काय करता येईल?

चढण पूर्ण बंद करावी, असे कोणी म्हणत नाही. तिच्याशी गावाचे नाते जुने आहे. पण काही पथ्ये सहज पाळता येतील. पहिल्या मोठ्या पुराचे दोन-तीन दिवस मासे मोकळे जाऊ द्यावेत. ओहोळाचे निम्मे पात्र सदैव जाळ्याविना ठेवावे. पोट फुगलेली मादी गरीला लागली, तर पाण्यात परत सोडावी. पिल्लांच्या थव्याखालची मरळ धरू नये. बंधाऱ्याच्या फळ्या मे महिन्याच्या अखेरीस निघाल्या आहेत की नाहीत, हे ग्रामसभेने पाहावे.

आणि ज्याला मासा हवाच, त्याने पाऊस ओसरण्याची वाट पाहावी. भाद्रपद-आश्विनात शेतातले पाणी नदीकडे परतू लागते, तेव्हा अंडी घालून मोकळे झालेले मासे त्याच वाटेने उतरतात. चढताना धरलेल्या एका मादीबरोबर तिच्या पोटातली हजारो अंडीही टोपलीत जातात. उतरताना धरलेला मासा मात्र आपले बीज मागे ठेवून आलेला असतो.